मग गेलं कोण?

शुक्रवार पेठेत आमच्या घराला लागून वळसंगकरांचं घर होतं. काशिनाथपंत वळसंगकर कोर्टात शिरस्तेदार. घरात त्यांची पत्नी मथुराबाई, विधवा थोरली बहीण गिरिजाबाई, एकुलता एक मुलगा वेणीमाधव आणि सून यशोदा. ही हकीकत यशोदेची आहे, पण सुरुवात वेणीमाधवापासूनच करावी लागते. दोन्ही घरांच्या परसांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि माझी आई यशोदेच्याच वयाची. त्यामुळे यातलं पुष्कळसं आईनं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बाकीचं यशोदाबाईंनी पुढे तिला सांगितलं.

१९२७ च्या उन्हाळ्यात वेणीमाधव पुण्याहून बी.ए. होऊन आला. वळसंगकरांच्या घराण्यातला हा पहिला पदवीधर. पंतांनी पेठभर पेढे वाटले, सिद्धेश्वराला अभिषेक केला. कलेक्टर कचेरीतल्या जागेबद्दल त्यांनी आधीच शब्द टाकून ठेवला होता. मुलानं जाऊन साहेबाला भेटायचं एवढंच बाकी होतं. आणि एका रविवारी पानावर बसल्या बसल्या वेणीमाधव म्हणाला, "दादा, मी एक वर्ष नोकरी धरणार नाही."

"म्हणजे वकिली करणार?" पंतांचा चेहरा उजळला.

"नाही. हिंडणार आहे. देश बघणार आहे."

"कुणाबरोबर?"

"एकटाच."

पंतांनी भाताचा घास पुन्हा पानात ठेवला. "कशासाठी?"

"बघण्यासाठी. युरोपातल्या नद्या मला तोंडपाठ आहेत, आणि आपली गंगा मी पाहिलेली नाही. विलायतेत पुष्कळ मुलं परीक्षा झाली की वर्षभर हिंडतात, मग कामाला लागतात. आमचे प्रोफेसर सांगायचे."

मथुराबाईंना वाटलं, पोरगा संन्यास घेतोय. त्यांनी तिथंच डोळ्यांना पदर लावला. पंत चार दिवस मुलाशी बोलले नाहीत. पेठेत ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. शिकून डोकं फिरतं असं लोक ऐकून होते, आता शेजारीच बघायला मिळालं. यशोदेला मात्र कुणी काही विचारलं नाही. ती तेव्हा सतरा वर्षांची. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, पण सासरी नांदायला येऊन एकच, आणि त्यातला बराच काळ नवरा पुण्याला. माहेरी बार्शीला आईबाप उरले नव्हते, एक मामा होता. निघायच्या आदल्या सकाळी वेणीमाधव स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि हळूच म्हणाला, "आल्यावर तुला सगळं सांगेन, हं."

"मी पण आले तर?" तिनं विचारलं.

तो हसला. तिला वाईट वाटेल असं नाही, लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसं.

पहिले काही महिने त्याची कार्डं येत राहिली. उज्जैन, आग्रा, प्रयाग. पंत आधी कार्डं न वाचता फळीवर ठेवून देत. मग वाचू लागले. मग ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवू लागले. पुढे कार्डं विरळ झाली आणि माघानंतर बंदच पडली. मुलगा लिहायचा कंटाळा करतो हे घरात सर्वांना ठाऊक होतं.

चैत्रात भर दुपारी तार आली. पंत त्या दिवशी घरीच होते. त्यांनी ओट्यावर उभ्यानंच ती वाचली. घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली, आत आले आणि मथुराबाईंना म्हणाले, "आंघोळीला पाणी काढा."

"आत्ता? दुपारी?"

"सगळ्यांच्याच. डोक्यावरून."

मथुराबाई घंगाळाकडे वळल्या, दोन पावलं चालल्या आणि मग त्यांना त्या शब्दांचा अर्थ लागला.

तार हरिद्वारच्या एका धर्मशाळेतून आली होती. वेणीमाधव वळसंगकर पटकीनं वारले, दहन झालं, पेटी रेल्वेनं पाठवत आहोत, एवढंच. पेटीही आली. तिच्या झाकणावर पुण्याच्या रंगाऱ्यानं पांढऱ्या अक्षरांत नाव घातलेलं होतं: वे. का. वळसंगकर, सोलापूर. आत त्याची धोतरं, काळा कोट आणि लाखेनं तोंड बंद केलेली गंगेची एक तांब्याची लोटी. मथुराबाईंनी ती लोटी छातीशी धरली आणि देवघरात नेऊन ठेवली. शंका घ्यावी असं काही उरलंच नव्हतं.

दहाव्याचा दिवस जवळ आला तसा घरात दुसराच प्रश्न उभा राहिला. यशोदेच्या बांगड्या पहिल्याच दिवशी फुटल्या होत्या, कुंकू गेलं होतं. आता केसांचं काय? पंत तसे सुधारकी मताचे. व्याख्यानांना जाऊन पहिल्या रांगेत बसायचे. केशवपनाच्या चालीविरुद्ध ते स्वतः एकदा सभेत बोलले होते. पण मथुराबाई म्हणाल्या, "माझ्या पोटचा गेला. आणि हिचे केस राहायचे?"

त्यावर उत्तर दिलं ते गिरिजाबाईंनी. गिरिजाबाई पन्नाशीच्या, चौदाव्या वर्षी विधवा झालेल्या. तांबडं आलवण आणि बोडकं डोकं यांशिवाय त्यांना कुणी पाहिलेलंच नव्हतं. सोवळ्यातल्या म्हणून त्याच बाजूच्या असतील असं सगळे धरून चालले होते. त्या भावासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काशिनाथा, माझ्या वेळी न्हावी आला तेव्हा तू लहान होतास. खांबाला धरून ओरडत होतास, ताईला नका करू म्हणून. तेव्हा तुझं कुणी ऐकलं नाही. आज तू कर्ता आहेस. नाही म्हण."

पंत मथुराबाईंकडे बघत राहिले. मग उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. न्हावी मागच्या दारानं आला.

यशोदाबाई पुढे आईला म्हणाल्या होत्या, "मला रडू नाही आलं गं. डोक्याला वारा लागला, त्याचंच नवल वाटत राहिलं."

भाद्रपद उजाडला. त्या वर्षी वळसंगकरांकडे गणपती बसला नाही. एका दुपारी आई परसात कपडे वाळत घालत होती. भिंतीपलीकडे यशोदा खाली वाकून भांडी घासत होती. मागचं दार लोटून एक दाढीवाला माणूस आत आला. उन्हानं रापलेला, पायात ठिगळाचे बूट, खांद्याला घोंगडी. तो आलवणातल्या बाईच्या पाठीमागे येऊन थांबला आणि हसत म्हणाला, "आत्या, ओळखलंस का?"

यशोदा वळली.

आई सांगायची, "तो ‘आत्या’ म्हणाला ते मी ऐकलं." यशोदेनं राखेच्या हातानं पदर पुढे ओढला. लाजून नव्हे, डोकं झाकायला. वेणीमाधव एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक, आणि तुळशीवृंदावनाला धडकला. त्याच्या तोंडून कसेबसे शब्द फुटले, "कोण... कोण गेलं?"

यशोदा म्हणाली, "तुम्ही."

आवाज ऐकून मथुराबाई बाहेर आल्या आणि किंचाळून दारातच कोसळल्या. मागोमाग गिरिजाबाई. त्यांनी भावजयीकडे पाहिलं, मग भाच्याकडे. सरळ चालत जाऊन त्याच्या गालाला हात लावला, दंड दाबून पाहिला आणि ओरडल्या, "गरम आहे! अगं मथुरे, जिवंत आहे मेला!"

पंतांना कोर्टातून बोलावून आणलं. ते दारातून आत आले, मुलाला पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. पागोटं डोक्यावरून पडलं तरी त्यांना कळलं नाही. वेणीमाधव सगळ्यांना पुन्हा पुन्हा एकच सांगत होता. डोंगरातली लोकर खाली आणणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर तो हरिद्वारहून वर गेला होता. तिथं टपाल नव्हतं. पावसानं वाट तुटली आणि चार महिने तो एका खेड्यात अडकून पडला. "मला काय माहीत? मला काय माहीत?" एवढंच म्हणत तो यशोदेकडे बघे आणि लगेच नजर काढून घेई.

संध्याकाळी त्यानं विचारलं, "पेटी पोचली होती ना?"

"रेल्वेनं आली," पंत म्हणाले.

वेणीमाधव गप्प झाला. कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

त्याला घरात घ्यायचा आनंद मात्र तेवढ्यावरच थांबला. उपाध्ये एकनाथशास्त्री आले. म्हातारे, मृदू बोलणारे गृहस्थ. पण पोथीबाहेर पाऊल टाकणारे नव्हते. ज्याची उत्तरक्रिया झाली, पिंड पडले, तो शास्त्रानं मेला. त्याला तसाच उंबऱ्याच्या आत घेता येत नाही. त्याला पुन्हा जन्माला यावं लागतं. जातकर्म, बारसं, मुंज सगळं पुन्हा. आणि शेवटी लग्नही पुन्हा, त्याच बायकोशी.

"मी बी.ए. झालोय," वेणीमाधव संतापून म्हणाला. "हा काय पोरखेळ आहे?" पण दारात उभ्या असलेल्या आईला जवळ यायची मनाई होती, आणि ती हात पुढे करून पुन्हा मागे घेत होती. ते बघून तो वरमला. बारा दिवस तो आमच्या ओसरीवर निजला.

त्या विधीला पेठ लोटली होती. लोक भिंतींवर चढून बसले. अंगणात मोठ्या घंगाळात पाणी भरून त्यात तूप सोडलं. मथुराबाईंनी देवघरातली ती लोटीही फोडून त्यात ओतली; मुलानं आणलेली गंगा, मुलाच्याच जन्माला. दाढी-डोई केलेला तेवीस वर्षांचा बाप्या गुडघे पोटाशी घेऊन त्या पाण्यात बसला. शास्त्र्यांनी मंत्र म्हटले, त्याला बाहेर काढलं आणि मथुराबाईंनी धाबळीत गुंडाळून छातीशी धरलं. बारशाला पाळण्याजवळ बसवून त्याच्या कानात त्याचंच नाव सांगितलं. बघणाऱ्यांना हसू यायचं, पण मोठ्यानं हसायला कुणी धजेना. यशोदा हे सगळं माजघराच्या दाराआडून बघत होती. बारशाच्या घुगऱ्याही तिनंच शिजवल्या होत्या. वाटायला मात्र तिला बाहेर येऊ दिलं नाही.

मुंज उरकली. मग बैठक बसली ती लग्नाचं ठरवायला. शास्त्री, पंत, पेठेतले दोन वृद्ध आणि खांबाशी वेणीमाधव. शास्त्र्यांचं म्हणणं, सुनेचे केस थोडे वाढू द्यावेत, मार्गशीर्षातला मुहूर्त धरावा. सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात माजघराच्या दारातून आवाज आला.

"गुरुजी, विचारू का एक?"

यशोदा उंबऱ्यावर उभी होती. पुरुषांच्या बैठकीत ती कधीही बोलली नव्हती. शास्त्री गोंधळून म्हणाले, "विचार, बाळ."

"ह्यांचा नवा जन्म झाला, म्हणजे आधीचं सगळं सुटलं?"

"सुटलं."

"मुंज सुटली, तसं लग्नही सुटलं?"

"म्हणून तर पुन्हा लावायचं."

"मग आज मी ह्यांची बायको नाही."

शास्त्र्यांनी पंतांकडे पाहिलं. "एका अर्थी... तसं म्हणता येईल."

"मग लग्नाला मी हो म्हणते की नाही, ते मला कुणी विचारलेलं नाही." ती थांबत नव्हती. "आणि आणखी एक. तारेत खोटं काय होतं? नाव तेवढं खोटं होतं. हरिद्वारला कुणीतरी वारलं. कुणाला तरी अग्नी दिला. हे तर इथं बसलेत. मग गेलं कोण?"

इतके दिवस घर आनंदानं आणि गडबडीनं भरलेलं होतं, आणि त्या घरातल्या एकाही शहाण्या माणसाला हा प्रश्न पडला नव्हता. वेणीमाधवाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्याला हा प्रश्न पडला होता. पहिल्याच संध्याकाळी पडला होता, आणि तेव्हापासून तो त्याला मनाच्या दाराबाहेर रेटून धरत होता.

"रामहरी," तो म्हणाला. "वेळापूरचा रामहरी."

मग त्यानं सांगितलं. पलटणीत खेचरं हाकायच्या कामावर असलेला, आता नाव कमी करून मोकळा झालेला हा आपल्याच जिल्ह्यातला गडी त्याला हरिद्वारला भेटला. परमुलखात मराठी ऐकून दोघं एकमेकांच्या गळ्यातच पडले. महिनाभर एका खोलीत राहिले, एका चुलीवर भाकरी भाजली. रामहरी गावाकडे निघाला होता. वेणीमाधवाला डोंगरात जायचं होतं, आणि पेटी वर नेता येण्यासारखी नव्हती. "मी म्हटलं, जाता जाता सोलापुरात घरी टाक, आणि सांग घरच्यांना की मी चार महिने वर आहे, काळजी करू नका. तो हो म्हणाला. मी निघालो तेव्हा धडधाकट होता. माझ्या पेटीवर बसून तंबाखू मळत होता."

"त्यांच्या घरी कुणाला ठाऊक आहे?" यशोदेनं विचारलं.

"नसणार."

पंत कसेबसे म्हणाले, "पत्र घालू."

"नको, मामंजी. आपल्याकडे कागदच आला होता. त्यानं काय झालं ते माझ्या डोक्यावर दिसतंय. तिथं माणसानं जायला हवं. मी जाते. सोवळ्या बाईला वाटेत कुणी अडवत नाही."

"मी येते तुझ्याबरोबर," आतून गिरिजाबाई म्हणाल्या.

वेणीमाधव खांब सोडून उठला. "जायला मीच हवा," तो म्हणाला.

तिघं निघाली. कुर्डुवाडीहून छोट्या गाडीनं पंढरपूर, पुढे बैलगाडीनं वेळापूर. रामहरीच्या बापाची, महिपतीची, वस्ती गावाबाहेर शेतात होती. अंगणात रामहरीची आई बजाबाई उपटलेल्या भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. पाहुणे बघून तिनं हाक मारली, "गोजर, पानी आन गं." मग वेणीमाधवाकडे बघून, "कोन म्हनायचं तुमी?"

"मी सोलापूरचा. रामहरीचा... हरिद्वारला बरोबर होतो आम्ही."

"अगं बया! या की, या. कुटं हाय त्यो? चैतात येतो म्हनून सांगावा धाडला हुता. त्याला न्हाय व्हय संगं आनायचा?"

वेणीमाधवानं यशोदेकडे पाहिलं. पाण्याचा तांब्या घेऊन झोपडीतून एक तरणी बाई आली. कपाळावर आडवं मोठं कुंकू, हातात मनगटभर हिरव्या बांगड्या. रामहरीला बायको आहे हे वेणीमाधवाला माहीत होतं, पण त्यानं ते वाटेत दोघींना सांगितलं नव्हतं. यशोदा त्या कुंकवाकडे बघतच राहिली. नवरा असलेली बाई आलवणात, आणि नवरा गेलेली बाई कुंकवात, आणि मध्ये हातभर जागा.

बजाबाईच्या शेजारी यशोदा मातीत बसली. सोवळं, विटाळ सगळं विसरून तिनं तिचा हात धरला आणि तिनंच सांगितलं. सरळ, आडवळण न घेता. बजाबाईचा दुसरा हात शेंगा तोडतच राहिला. एक वेल संपली, तिनं दुसरी ओढली. महिपती गोठ्याकडून धावत आला.

"न्हाय," तो म्हणाला. "माजा पोरगा वाघ हाय. तुमची कायतरी चूक झालीया."

"चूक झाली होती," वेणीमाधव म्हणाला. "त्याच्याजवळ माझी पेटी होती. तिच्यावरचं नाव बघून तार आमच्याकडे गेली."

"म्हंजी तुमच्या पेटीनं त्याचं नाव खाल्लं?"

"हो," वेणीमाधव म्हणाला.

बजाबाईचा हात आता थांबला होता. तिनं यशोदेकडे नीट पाहिलं. "आन तू गं पोरी? तू कुनाची?"

"मी ह्यांची. तुमच्या लेकाचं सुतक आमच्या घरानं पाळलं, आई. दहावा, तेरावा सगळं झालं. पाच महिने मी त्याच्यासाठी अशी बसले. फक्त तो कोण ते मला माहीत नव्हतं."

त्यावर बजाबाई ओरडली. आई म्हणायची, यशोदाबाई इतकं सगळं सांगत, पण तो आवाज कसा होता ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

शेजारच्या वस्तीवरच्या बायका धावत आल्या. त्यांतली एक म्हातारी दगड घेऊन गोजरेच्या बांगड्या फोडायला पुढे झाली. यशोदेनं तिचं मनगट धरलं. "तिचं तिला करू द्या," ती म्हणाली. म्हातारीनं दगड खाली टाकला. गोजर खाली बसली आणि तिनं एकेक बांगडी हातानं उतरवून शेंगांच्या पाटीत ठेवली. दोन निघेनात, त्या तशाच राहिल्या.

निघताना बजाबाईनं विचारलं, "गंगंचं पानी आनतो म्हनला हुता माज्यासाटी. पेटीत हुतं का ओ?"

ती लोटी रामहरीची होती. त्याच पाण्यात बसून वेणीमाधव नव्यानं जन्मला होता. त्यानं खरं तेच सांगितलं.

"मी आणून देईन," यशोदा म्हणाली.

सोलापूरला परतल्यावर तिनं सासऱ्यांना सांगितलं, लग्नाचं नंतर बघू, मला एक वर्ष हवं. मी हरिद्वारला जाणार, आणि वाटेत जे दिसेल ते बघणार. आत्या बरोबर येताहेत. पंतांनी हात टेकले; मुलगा म्हणाला तेव्हा निदान रागावता तरी आलं होतं. वेणीमाधव म्हणाला, "मी येतो सोबतीला." तिनं मान हलवली. "तुम्ही पाहिलंत. आता तुम्ही नोकरी धरा." दिवाळी झाल्यावर दोन आलवणं सोलापूर स्टेशनावरून गाडीत बसली. लोकांना वाटलं, काशीयात्रेला चालल्या. आणि म्हणूनच कुणी अडवलं नाही.

त्या वर्षात त्यांनी काय काय पाहिलं ते सांगायला बसलं तर निराळी पोथी होईल. यशोदा आगगाडीत हिंदी शिकली. आग्र्याला गिरिजाबाई ताजमहालासमोर उन्हात तासभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बायकोसाठी? खरंच?" पण हरिद्वारला जे कळलं ते सांगायला हवं. धर्मशाळेच्या मुनिमाला तो आजारी माणूस आठवत होता. शुद्ध जाईपर्यंत तो एकच काहीतरी पुटपुटत होता, मुनीम म्हणाला. "बेलापुर, बेलापुर, ऐसा कुछ. हमने सोचा भगवान का नाम ले रहा है. नाम तो पेटी पर लिखा ही था." यशोदा तिथंच पायरीवर बसली. त्यानं आपलं गाव सांगितलं होतं. मरता मरता सांगितलं होतं, आणि लोकांनी पेटीवर विश्वास ठेवला.

पाणी घेऊन ती आधी वेळापूरला गेली, मग सोलापूरला. वस्तीवर गोजर नव्हती. "अकलूजला दिली," बजाबाई म्हणाली. "पाट लावला. दिस गेल्यात तिला." यशोदेला काही क्षण उमजेनाच. "तुम्ही दिलीत? तुमच्या सुनेला?" बजाबाईनं लोटी कपाळाला लावली. "माज्या दुख्खाला तिचं हाड कशाला जाळू? पोर हाय ती."

हे वाक्य यशोदेनं घरी येऊन जसंच्या तसं मथुराबाईंना सांगितलं. टोमणा म्हणून नव्हे. तिला ते कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मथुराबाई तेलाची वाटी घेऊन आल्या, यशोदेला पाटावर बसवलं, तिच्या मानेपर्यंत वाढलेल्या केसांना तेल लावलं आणि किती तरी वेळ हात तिच्या डोक्यावरच ठेवून बसल्या.

लग्न १९३० च्या माघात झालं. यशोदेनं हो म्हणताना एकच अट घातली, मुंडावळ्या आत्या बांधतील. विधवेच्या हातून! एकनाथशास्त्री कानांवर हात ठेवून उठून गेले, दुसरे भटजी आणावे लागले. पेठेतल्या निम्म्या बायका आल्या नाहीत. माझी आई गेली होती. ती सांगे, मुंडावळ्या बांधताना गिरिजाबाईंच्या हातून गाठ बसेना, तर वेणीमाधवानं पुढे होऊन दोऱ्याचं टोक धरलं.

त्यांचा संसार सुखाचा झाला का, हे विचारलं की यशोदाबाई म्हणायच्या, "झाला की. भांडलो पण पुष्कळ." वेणीमाधव हायस्कुलात भूगोल शिकवू लागला. मुलं सांगत, गंगेचा धडा आला की मास्तर तो दुसऱ्या दिवसावर ढकलतात. सोलापूर सोडून तो पुन्हा जवळच्या होटगी स्टेशनाच्याही पुढे गेला नाही. यशोदाबाईंना दोन मुली झाल्या. पेठेतल्या बायकांना त्या दुपारी वाचायला शिकवत. आणि दर हिवाळ्यात, मुली आजीच्या स्वाधीन करून, गिरिजाबाईंबरोबर पंधरा दिवस कुठंतरी जाऊन येत. रामेश्वर, पुरी, म्हैसूर. पंतांनी विचारायचंच सोडून दिलं होतं.

१९३६ च्या पौषात गोकर्णाला गिरिजाबाई दोन दिवसांच्या तापानं गेल्या. तिथं ओळखीचं कुणी नव्हतं, पुरुष माणूस बरोबर नव्हता. घरून कुणी येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. समुद्रावर यशोदाबाईंनी स्वतःच्या हातानं अग्नी दिला, एका म्हाताऱ्या ब्राह्मणाला विनवून मंत्र म्हणवून घेतले आणि एकट्या गाडीत बसून घरी आल्या. पंत तेव्हा निवृत्त होऊन ओट्यावर बसून असत. सून एकटीच टांग्यातून उतरलेली बघून ते उठून उभे राहिले. तिनं सगळं सांगितलं. "अग्नी तू दिलास? बाईच्या जातीनं?" पंत म्हणाले.

"आत्यांना तिथं माझ्याशिवाय कुणी ओळखत नव्हतं," ती म्हणाली.

पंतांनी स्वतः आत जाऊन घंगाळात पाणी काढलं, आणि बहिणीच्या सुतकाची आंघोळ करून ओलेत्यानंच परसात, तुळशीपाशी, खांबाला धरून लहान मुलासारखे मोठ्यानं रडले. आमच्या आईनं ते भिंतीवरून पाहिलं. त्या घरातला पुरुष रडताना तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.